दूध दाटू नये म्हणून: सातव्या महिन्यात वाचायची यादी

झबली, टोपरी, दुपटी मोजून झालेली असतात, डिंक आणि अळीवही डब्यात पडलेले असतात. अंगावर पाजण्याची तयारी मात्र ‘त्यात काय, आपोआप जमतं’ म्हणून राहून जाते. मला आपोआप काही जमलं नाही. बारशाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हुडहुडी भरून ताप आला, उजव्या बाजूला पाचरीच्या आकाराचा लाल, गरम चट्टा उठला आणि मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाचा दाह, हा शब्द तेव्हा पहिल्यांदा कानावर पडला.

सुरुवात दवाखान्यापासून करा. जन्मानंतर पहिल्या तासात बाळ छातीशी देतात का, सिझर झालं तर पाजायला मदत कोण करतं, हे आधीच विचारून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, एका वेळी चमचा-दीड चमचाच. तो कमी वाटून घरचं कुणी मध किंवा साखरपाणी चाटवायला निघेल, त्यांना आत्ताच सांगून ठेवा की नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो. शिवाय वरचं काही पोटात गेलं की बाळ झोपून राहतं आणि इकडे छाती दाटते.

बाळाला छातीला लावायची रीत बाहुली घेऊन करून बघा, हसू आलं तरी. बाळाचं पोट आपल्या पोटाला, कान, खांदा, कंबर एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला जवळ ओढायचं. आपण वाकून छाती त्याच्या तोंडात द्यायची नाही, पाठही जाते आणि पकडही चुकते. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला की जमलं. पूर्ण वेळ कळ येत राहिली तर ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी सारून सोडवा आणि पुन्हा लावा. चिरा पडल्या की जंतूंना वाट मिळते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती दगडासारखी होते. हा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं, रात्रीसकट. पुढचा भाग ताठरून बाळाला धरताच येत नसेल तर हाताने थोडंसं दूध काढा, मऊ होण्यापुरतंच.

आता मालिशवाल्या मावशी. माझ्या मावशींनी गरम तेल घेऊन, मुठीच्या हाडांनी गाठ ‘फोडायला’ घेतली होती. प्रेमानेच, पण मी पलंगाची कड धरून रडले आणि संध्याकाळपर्यंत सूज दुप्पट झाली. गाठ म्हणजे आत अडकलेला दुधाचा खडा नव्हे. आजूबाजूच्या सुजेने बारीक नलिका बाहेरून दाबल्या जातात, चोळलं की ती सूज आणखी वाढते. म्हणून अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शनात जोराची मालिश नको, थंड शेक घ्या, असं म्हटलंय. पंप लावून छाती रिकामी करत बसणंही नको, जेवढं काढाल तेवढं शरीर आणखी बनवतं. मावशींना पहिल्याच दिवशी सांगा: पाठ, पाय, कंबर तुमची, छातीला हात नाही. (आईच्या तोंडून सांगितलेलं बरं पडतं.)

अळिवाची खीर खुशाल खा, पण दूध वाढवायच्या पावडरी लगेच सुरू करू नका. आधी लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले होत असतील तर दूध पुरतंय.

बारसं. सकाळपासून पाहुणे, नवी साडी, महिनाभर आधी शिवलेलं घट्ट ब्लाउज आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. माझं दोनदा पाजायचं राहिलं, ‘झोपलंय ना, राहू दे’ म्हणत. पुढचं वर सांगितलंच. एक खोली आपल्यासाठी मोकळी ठेवा आणि दाराशी एक खमकी आत्या बसवा. ब्लाउज सैल, पुढून हुकांचं, आतली ब्रा बिनतारेची.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आपल्याला चालतील का आणि किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. थर्मामीटर उशाशी. ताप आणि लाली चोवीस तासांत उतरली नाही किंवा अंगातून त्राणच गेलं, तर वाट न पाहता दवाखाना. अँटिबायोटिक दिलं तर पाजत असल्याचं सांगून, पाजता येईल असंच घ्यायचं, कोर्स पुरा करायचा. दुखऱ्या बाजूचं दूध बाळाला बाधत नाही, पाजणं चालूच ठेवा. त्याच जागी गाठ राहिली तर गळू तर नाही ना, हे सोनोग्राफीत कळतं.

गावाकडे असाल तर आशाताईंचा नंबर आत्ताच घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, तेव्हा त्यांच्यासमोर बाळाला पाजून दाखवा. आणि थंड शेकासाठी फ्रिजमध्ये दोन ओले नॅपकिन घडी करून ठेवा, भाजीच्या कप्प्यात नको, कोथिंबिरीचा वास लागतो.