लिलीपॉण्ड, व्हीएस कोड आणि न उमटणारी पीडीएफ

व्हायोलिनचे धडे स्वच्छ स्टाफ नोटेशनमध्ये लिहून ठेवायचे म्हणून मी लिलीपॉण्डकडे वळले. स्वर अक्षरांत टाइप केले की हा प्रोग्रॅम त्यांची नोटेशनची पीडीएफ काढून देतो. पहिल्या दिवशी व्हीएस कोड या एडिटरमधलं त्याचं एक्सटेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, तीनदा काढलं आणि तीनदा टाकलं. एरर तीच: लिलीपॉण्ड सापडत नाही. दोष एक्सटेन्शनचा नव्हताच. नोटेशन काढणारा प्रोग्रॅम वेगळा असतो, एक्सटेन्शन त्याला फक्त हाक मारतं, आणि माझ्या लॅपटॉपवर तो हाकेच्या अंतरावर नव्हता.

लिलीपॉण्डची 2.24 आवृत्ती विंडोजसाठी झिपमध्ये मिळते, इन्स्टॉलर नसतो. झिप उघडली की झालं, असं मला वाटलं. पण आतल्या 'बिन' फोल्डरचा पत्ता आपल्यालाच 'पाथ'मध्ये, म्हणजे कम्प्युटर प्रोग्रॅम जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, घालावा लागतो. तोही मी घातला, तरी एरर जाईना, कारण व्हीएस कोड आधीपासून उघडाच होता. चालू एडिटरला नवा पाथ कळत नाही; तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. एवढं समजायला माझी अख्खी संध्याकाळ गेली.

तेव्हा एक्सटेन्शनला हात लावण्याआधी नवीन टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. लिलीपॉण्ड टाइप करून एक जागा सोडा आणि दोन डॅशना जोडून व्हर्जन लिहा. आकडा दिसला तरच पुढे जा.

पुढच्या एरर तुमच्या फाइलमधल्या असतील. प्रत्येकीत ओळ आणि कॉलमचा आकडा असतो. सगळ्यात वरची आधी सोडवा, खालच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. एरर फाइलच्या शेवटच्या ओळीवर बोट दाखवत असेल, तर वर कुठेतरी महिरपी कंस बंद करायचा राहिलाय.

एक चूक मात्र एरर देत नाही. डी मेजर या स्केलमध्ये एफ आणि सी शार्प असतात; फाइलमध्ये डी मेजर लिहिलं की एफ आपोआप शार्प होईल, असं मी धरून चालले होते. पीडीएफ छान आली, पण एफच्या आधी नॅचरलचं, म्हणजे शार्प रद्द करणारं, चिन्ह! लिलीपॉण्डमध्ये स्वर जसा वाजतो तसाच लिहायचा; 'की सिग्नेचर', म्हणजे ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण, काहीही असो. नावं मुळात डच पद्धतीची, म्हणून एफ शार्प म्हणजे 'फिस' आणि सी शार्प म्हणजे 'सिस'.

पीडीएफमधल्या स्वरावर क्लिक केलं की कर्सर थेट फाइलमधल्या त्या अक्षरावर जातो. सराव करताना ही सोय मला फार आवडते. पण त्यासाठी तुमच्या कम्प्युटरवरचा फाइलचा पूर्ण पत्ता पीडीएफमध्ये जातो, युजरच्या नावासकट. कुणाला पाठवायची असेल, तर 'पॉइंट अँड क्लिक' नावाची ही सोय बंद करून ती नव्याने काढा.