वाडीच्या वहाळावर वीज: मोजणीपासून चाकापर्यंत, आणि चाकाखालून आगरापर्यंत

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पाण्याला उंची आयती मिळते. कोयनेचे पाणी घाटाखाली पोफळी गावाला उतरते, वीज देते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५ पासून वीज निघते आहे. वाडीच्या डोक्यावरून येणारा बारमाही वहाळ, म्हणजे ओढा, त्याच हिशेबाने पाच-सहा घरांचे दिवे, पंखे आणि टीव्ही चालवू शकतो. शिवाय वीज काढल्याने पाणी आटत नाही. चाकाखालून निघालेला प्रत्येक थेंब आगराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला देता येतो, त्यामुळे वीज आणि शिंपण या दोन्हींचा विचार पहिल्या दिवसापासून एकत्रच करा.

हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला किती लिटर पाणी आणि किती मीटर उंची, यांचा गुणाकार करून त्याला ५ ने गुणले की हाती येणारे वॅट मिळतात. पूर्ण कार्यक्षमतेला गुणक ९.८१ असतो. छोट्या संचात चाक, जनरेटर आणि पाईप मिळून निम्मी शक्ती खातात, म्हणून ५ धरायचा. ४ लिटर पाणी आणि ३० मीटर उंची असेल तर ६०० वॅट. आकडा लहान वाटला तरी तो चोवीस तास मिळतो, म्हणजे दिवसाला १४.४ युनिट. पुढचे सगळे आकडे याच नमुन्याचे आहेत: ३० मीटर उंची, १५० मीटर पाईप, ४ लिटर पाणी.

आधी मोजा, मग दुकानात जा

फसलेल्या संचांत बहुतेक वेळा चूक यंत्राची नसते. पाणी ऑक्टोबरात मोजलेले असते. पाऊस नुकताच सरल्यावर वहाळ भरून वाहतो आणि ते पाणी वर्षभर राहील असे वाटते. डिसेंबर, फेब्रुवारी, शिमग्याच्या सुमारास आणि मे महिन्याच्या मध्यावर अशी चार मोजमापे तरी घ्या आणि तारखेनिशी लिहून ठेवा.

पाणी कमी असेल तर बादली पुरते. सगळा प्रवाह एका पन्हाळीतून बादलीत घ्या. २० लिटरची बादली ५ सेकंदांत भरली तर ४ लिटर. तीन वेळा मोजून सरासरी काढा. त्याहून जास्त पाण्याला फळीची खाच वापरा: जाड प्लायवूडला काटकोनी इंग्रजी व्ही आकाराची खाच कापा, कडा तासून धारदार करा, फळी प्रवाहात आडवी आणि समपातळीत बसवा, बाजूने मातीने लिंपून घ्या. पाणी खाचेतून सुटून पडले पाहिजे, फळीला चिकटून ओघळता कामा नये. पाण्याची उंची खाचेत मोजू नका, कारण तिथे पाणी वाकलेले असते. वरच्या बाजूला मीटरभर अंतरावर एक खुंटी खाचेच्या तळाच्या पातळीला ठोका आणि तिच्यावर किती पाणी चढते ते बघा. ५ सेंटिमीटर चढले तर पाऊण लिटर, १० सेंटिमीटरला ४.४ लिटर, १५ ला १२ लिटर, २० ला साधारण २५ लिटर दर सेकंदाला. खोली दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होते, म्हणून पट्टी मिलिमीटरपर्यंत वाचा.

उंची मोजायला गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी उत्तम. वरून खाली टप्प्याटप्प्याने या आणि प्रत्येक टप्प्याची उंची लिहा. नळीत बुडबुडा राहिला तर मोजमाप चुकते. मोबाईलवरची उंची या कामाला चालत नाही, ती काही मीटर सहज चुकते आणि इथे प्रत्येक मीटर २० वॅटचा आहे.

मिळालेल्या पाण्यातले निदान एक तृतीयांश वहाळातच सोडा. खाली गुरे पाणी पितात, कोंडीत मासे असतात, दुसऱ्या वाडीची पाळी असते. खालच्या लोकांशी बोलणी पाईप आणण्याआधी झाली पाहिजेत. पाईप वनजमिनीतून जात असेल तर वन विभागाकडे जावे लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये सरकारमार्फत चालणाऱ्या गावाच्या सोयींत पाण्याची पाईपलाईन आणि अपारंपरिक ऊर्जा यांचा समावेश आहे. जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, झाडे हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. तो ठराव आधी करून घ्या.

चाकाची जागा

चाक जितके खाली तितकी वीज जास्त, म्हणून सगळे पाणी तळाला नेण्याचा मोह होतो. पण पेल्टन चाकाखालून (पेल्यांवर पाण्याचा झोत मारून फिरवतात ते चाक) पडणाऱ्या पाण्याला दाब उरत नाही. आगर चाकाच्या वर राहिले तर तेच पाणी पंपाने परत चढवावे लागेल. पाटाने शिंपायचे असेल तर चाक आगराच्या वरच्या बांधाला बसवले की पुरे. ठिबक चालवायचे असेल तर चाकाखाली साठवण टाकी बांधा आणि ती आगराच्या वर ८ ते १० मीटर उंचीवर राहील असे बघा, म्हणजे ठिबकला किलोभर (चौरस सेंटिमीटरला एक किलो) दाब मिळतो. एवढ्या उंचीची वीज गेली तरी चालेल. दर सेकंदाला एक लिटर म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर. पोफळीला ठिबकने दिवसाला २० लिटर धरले तरी हे पाणी चार हजार झाडांना पुरते. कोकणात एवढे आगर क्वचितच असते, उरलेले पाणी पाटाने वहाळात परत सोडा.

दुसरी अट पुराची. काठच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा बघा. सर्वांत वरचा कचरा जिथे दिसतो, त्याच्याही वर यंत्रघराचे जोते हवे.

तोंड, कुंडी आणि पाईप

कातळात नैसर्गिक कोंड असेल तिथेच पाणी धरा. गुडघाभर उंचीचा दगडी बांध पुरतो. उंच भिंत बांधली तर पहिल्याच मोठ्या पुरात धोंडे येऊन ती फोडतात. बांधाच्या माथ्यावर भोकांचा स्टेनलेस पत्रा उतरता बसवा: पाणी खाली चरात पडते, पाने-काटक्या वरून घसरून पुढे जातात. भोके ५ मिलिमीटरची ठेवा, झोताच्या तोंडाच्या निम्म्याहून मोठी नकोत. पत्रा उभा बसवला तर फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत दिवसातून दोनदा चढून तो साफ करावा लागेल, आणि आठवड्यात सगळ्यांचा उत्साह संपेल.

चरातले पाणी गाळकुंडीत घ्या. २ मीटर लांब, १ मीटर रुंद, मीटरभर खोल, तळाला गाळ सोडायला बूच. पावसाळ्यात जांभ्याची बारीक वाळू इथे थांबली नाही तर ती चाकाच्या पेल्यांची धार झिजवते. पाईपचे तोंड पाण्याखाली निदान ३० सेंटिमीटर बुडालेले हवे. वर भोवरा दिसला तर हवा आत जाते आहे असे समजा. तोंडानंतर लगेच एक उभी हवानळी लावा, पाणीपातळीच्या वर उघडी. पत्रा तुंबला आणि चाक पाणी ओढत राहिले की पाईपमध्ये पोकळी होते आणि पातळ पाईप चपटा होतो. ते या नळीने टळते.

बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त पैसा पाईपमध्ये जातो आणि काटकसरीची चूकही इथेच होते. ४ लिटर पाणी १५० मीटर नेताना आतला व्यास ५६ मिलिमीटर असेल तर घर्षणात पावणेआठ मीटर उंची जाते, म्हणजे पाव वीज पाईपमध्येच संपली. ६७ ला सव्वातीन मीटर, ८० ला सव्वा ते दीड मीटर, १०० ला अर्धा मीटर. ८० चा पाईप इथे योग्य. त्यापुढचा खर्च परत येत नाही. खरेदी करताना लक्षात ठेवा, पाईपवर छापलेला आकार बाहेरचा असतो. जाड भिंतीचा पाईप आतून बराच लहान निघतो, म्हणून पट्टी लावून आतला व्यास मोजा.

३० मीटर उंची म्हणजे ३ किलो दाब. तरीही ६ किलोचाच पाईप घ्या. पाणी सेकंदाला पाऊण मीटरहून थोडे जास्त वेगाने येत असते. झडप झटक्यात बंद केली तर पीव्हीसी पाईपमध्ये दाब क्षणात दुप्पट होतो. म्हणून चाकाजवळ एका झटक्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह नको, हातचाक फिरवून सावकाश बंद होणारा गेट व्हॉल्व्ह हवा. वळणावर पाणी पाईपला बाहेर ढकलते. इथल्या काटकोनी वळणावर तो जोर दोनशे किलोंच्या पुढे जातो, तेव्हा प्रत्येक वळण काँक्रीटच्या ठोकळ्यात धरा. पाईप सतत उतरता ठेवा, मध्ये कुबड आले की तिथे हवा अडकते. दीड फूट पुरा: उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो आणि उन्हाळ्यातला वणवा काळा पाईपही सोडत नाही.

चाक आणि जनरेटर

पंप उलटा फिरवून टर्बाइन म्हणून वापरता येतो आणि तो स्वस्त पडतो. पण तो एका ठरावीक पाण्यालाच नीट चालतो, पाणी निम्मे झाले की वीज जवळजवळ थांबते. आपले वहाळ तर डिसेंबरपासून उतरत जातात. म्हणून दोन झोतांचे पेल्टन चाक घ्या. प्रत्येक झोताचे तोंड साडेदहा मिलिमीटर, प्रत्येकातून २ लिटर. मार्चमध्ये पाणी निम्मे झाले की एक झोत बंद करायचा, दुसरा तसाच चालतो आणि ३०० वॅट मिळत राहतात. झोताचा वेग सेकंदाला २३ मीटरच्या आसपास असतो आणि चाकाने त्याच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने फिरावे लागते. तेव्हा पेल्यांच्या मध्यातून मोजलेला व्यास सुमारे १३४ मिलिमीटर घेतला की चाक मिनिटाला १५०० फेरे घेते आणि चार पोलच्या मोटारीला पट्ट्याशिवाय थेट जोडता येते.

जनरेटर म्हणून दीड हॉर्सपॉवरची तीन फेजची साधी इंडक्शन मोटार चालते. जळली तर गावातच वाइंडिंग होते, हा तिचा मोठा गुण. जोडणी डेल्टा करून घ्या. घरांचा लोड ज्या फेजवर, तिथे एक कपॅसिटर. शेजारच्या एका फेजवर त्याच्या दुप्पट मायक्रोफॅरडचा, तिसरी फेज मोकळी. दुप्पट कपॅसिटर चुकीच्या फेजवर गेला तर मशीन गुरगुरते आणि तापते. तो उरलेल्या फेजवर लावून पाहा. कपॅसिटर सतत चालणारे, ४०० व्होल्टच्या वरचे घ्या. मोटार सुरू करायला वापरतात ते इथे फुटतात. ही जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

रात्री दहाला सगळ्यांनी दिवे मालवले की चाकावरचा भार जातो, ते पळत सुटते आणि व्होल्टेज चढते. म्हणून लोड कंट्रोलर लागतो: घरांनी न वापरलेली वीज तो पाण्यात बुडवलेल्या हीटरकडे वळवतो. हीटर संचाच्या क्षमतेपेक्षा १५ ते २० टक्के मोठा, म्हणजे इथे ७०० वॅटचा ठेवा. तो जळला आणि कुणाला कळले नाही तर वाडीतले सगळे बल्ब एका रात्रीत जातात. त्यामुळे जास्त व्होल्टेजला तोडणारा ट्रिप वेगळा हवाच.

वीज २३० व्होल्टनेच न्या. ३०० मीटर अंतराला ॲल्युमिनियमची १० चौरस मिलिमीटरची तार घेतली तर २ टक्के घट होते, ४ ची घेतली तर सुमारे पाच टक्के. न्यूट्रलला यंत्रघराजवळ अर्थिंग करा, नाहीतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावूनही माणूस वाचत नाही. वळवाच्या विजांसाठी लाईटनिंग अरेस्टर बसवा. घरात महावितरणचीही जोडणी असेल तर चेंजओव्हर स्विच लावा, दोन विजा कधीही एकत्र येता कामा नयेत.

प्रत्येक घराला अर्ध्या अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) द्या, म्हणजे सुमारे शंभर वॅट. पंखा, दिवे, टीव्ही आणि मोबाईल त्यात बसतात. मिक्सर सामाईक जागी आणि एका वेळी एकच. पाण्याचा एक हॉर्सपॉवरचा पंप या संचावर सुरू होत नाही. भार जास्त झाला की व्होल्टेज कोसळते आणि वीज बंद पडते. मशीन त्याने जळत नाही, भार काढून पुन्हा चालू करायचे. वहाळ एप्रिल-मेमध्ये आटत असेल तर त्या दोन महिन्यांना सौर पॅनेल जोडून घ्या. ऊन भरपूर तेव्हा पाणी कमी, आणि आषाढात पॅनेल मंद तेव्हा वहाळ जोरात, अशी ही जोडी जमते.

बिघाड ओळखणे

झडपेच्या अलीकडे एक प्रेशर गेज बसवा. वीज कमी का झाली हे वर चढून न जाता त्याच्यावरून कळते. सगळे बंद असताना काटा ३ किलोवर, दोन्ही झोत चालू असताना २.८५ च्या आसपास. चालू असताना काटा २.३ वर आला तर वर पत्रा तुंबला आहे किंवा पाईपमध्ये हवा आहे. काटा ३ कडे सरकला आणि वीज कमी झाली तर झोताच्या तोंडात काहीतरी अडकले आहे. काटा बरोबर आणि तरी वीज कमी असेल तर चाकाचे पेले बघा, पावसाळ्यानंतर मधली धार बोथट झालेली दिसेल.

मोटारीचे पुढचे बेअरिंग नेहमी आधी जाते, कारण चाकाचे तुषार शाफ्टवरून आत शिरतात. शाफ्टवर रबरी चकती घट्ट बसवा, ती पाणी बाहेर फेकते. चाक जोरात फिरते आणि तरी व्होल्टेज शून्य, असे बराच काळ बंद राहिलेल्या संचात होते: मोटारीतले उरलेसुरले चुंबकत्व गेलेले असते. चाक थांबवा, कपॅसिटर डिस्चार्ज करा, १२ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा दोन-तीन सेकंद वाइंडिंगला टेकवा, बॅटरी काढा आणि घरांचा लोड तोडून चाक पुन्हा सुरू करा. व्होल्टेज २३० ला स्थिरावल्यावरच घरे एकेक करून जोडा.