जुन्या मनोरुग्णालयाच्या इमारतींचा इतिहास कसा शोधावा

महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नागपूरचं 1864 चं, रत्नागिरीचं 1886 चं, ठाण्याचं 1901 चं आणि चौथं पुण्यात येरवड्याला. यांपैकी कुठल्याही आवाराचा इतिहास लिहायला घेताना एक खूणगाठ बांधून ठेवावी: फलकावरचं स्थापना साल संस्थेचं असतं, समोर दिसणाऱ्या प्रत्येक इमारतीचं नसतं. म्हणून कागदपत्रांना हात लावण्याआधी आवाराचा हाताने कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक बांधकामाला क्रमांक द्या. बराकी, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, विहीर, कर्मचाऱ्यांच्या चाळी, फाटक, कंपाउंडची भिंत, सगळं. पुढे सापडेल ती प्रत्येक नोंद या क्रमांकापुढे टाकायची. ही शिस्त नसेल तर 1886 ची भिंत आणि चाळीस वर्षांनंतरची बराक एकाच परिच्छेदात मिसळतात आणि मग कुणालाच त्या वेगळ्या करता येत नाहीत.

मग नाव. जुन्या इंग्रजी कागदांत मनोरुग्णालय हा शब्द शोधून काही मिळणार नाही. 1920 च्या सुमारापर्यंत लुनॅटिक असायलम किंवा इन्सेन असायलम, त्यानंतर मेंटल हॉस्पिटल. मराठी कागदांत वेड्यांचं इस्पितळ. ठाण्याचं नरोत्तमदास माधवदास या दानशूरांच्या नावानेही नोंदलेलं आहे. गावांची स्पेलिंगंही पक्की नव्हती. येरवड्यासाठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही अक्षरं घालून पाहा. रत्नागिरीवर काम करणारे हमखास जिल्हा गॅझेटियर, म्हणजे ब्रिटिश सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, उघडतात आणि हात हलवत परत येतात. कारण साधं आहे: तो खंड 1880 चा, रुग्णालय 1886 चं. ठाण्याच्या 1882 च्या खंडाचीही तीच गत.

मुख्य खजिना म्हणजे मनोरुग्णालयांचे वार्षिक अहवाल. ब्रिटिश काळातले हे अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. इथे एक चूक वारंवार होते. रत्नागिरी, ठाणे, पुणे मुंबई इलाख्याच्या अहवालात सापडतात आणि त्याच अहवालात धारवाड, अहमदाबाद, सिंधमधलं हैदराबादही येतं. नागपूर मात्र तिथे नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, त्यामुळे ते जबलपूरसोबत मध्य प्रांताच्या अहवालात शोधावं लागतं. मूळ पत्रव्यवहारासाठी मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठा आणि सामान्य विभाग व सार्वजनिक बांधकाम विभाग या दोन्हींच्या सूची मागा. डॉक्टर जागा अपुरी पडते म्हणून लिहीत, पैसे किती आणि नकाशा कसा याचं उत्तर बांधकाम खात्याच्या फायलीत असे. एकाच बराकीची अर्धी गोष्ट एकीकडे, अर्धी दुसरीकडे.

अहवालात आधी दोन आकडे टिपा: किती जणांची सोय होती आणि दररोज सरासरी किती जण होते. सोय कशी मोजली तेही बघा. समजा माणशी 50 चौरस फूट धरले, तर 60 फूट लांब आणि 20 फूट रुंद बराकीत 24 जण मावतात. आज तीच बराक टेपने मोजा. लांबी जास्त भरली तर मागाहून वाढवलेली असण्याचा दाट संभव. एखाद्या वर्षी सोयीचा आकडा एकदम वाढला असेल तर त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत बांधकाम शोधा. पण माणशी जागेचं प्रमाणच कमी केलं नाही ना, हे आधी तपासा. कागदावर रुग्णालय वाढतं, विटेवर वीट चढलेली नसते. आत राहणाऱ्या माणसांची अंथरुणं मात्र तेवढी जवळ सरकलेली असतात, आणि इतिहासात हे लिहिलंच पाहिजे.

1912 च्या लुनसी (मनोरुग्णांविषयीच्या) कायद्यानुसार दोन किंवा अधिक व्हिजिटरांनी, म्हणजे पाहणीसाठी नेमलेल्या लोकांनी, महिन्यातून एकदा तरी सगळं आवार पाहून वहीत शेरा लिहायचा होता. ती वही सापडली तर गळकं छप्पर, तुंबलेली मोरी, मोडलेले गज सगळं तारखेसकट मिळतं.

आता प्रत्यक्ष इमारत. छपराचं एक सुटं कौल उलटं करून पाहा. त्यावर बासेल मिशन या कौलांचे कारखाने चालवणाऱ्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं नाव आणि 1865 असा ठसा दिसला तर ते इमारतीचं साल समजू नका. ते मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे, पुढची कित्येक वर्षं तोच ठसा उमटत राहिला. लोखंडी तुळईवरचा ठसा अधिक कामाचा. टाटांचं नाव असेल तर ती तुळई 1912 च्या आधीची नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघालंच त्या साली. भिंत पाहायची तर दर्शनी बाजू सोडून माळ्यावर किंवा नळाच्या मागे पाहा, जिथे डागडुजीचा हात पोचलेला नसतो. खिळ्याने सांध्यावर हलकं ओरखडलं की चुन्याचा भुगा पडतो, सिमेंटवर नुसती रेघ उठते. चुन्याच्या भिंतीवर मागून सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर ओल आत कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि पोपडे सुटतात. त्या पोपड्यांखाली मूळ दगड दिसतो: रत्नागिरीत बहुधा जांभा, पुण्याकडे काळा दगड. दारांची कडी आत की बाहेर, दार कुठल्या बाजूला उघडतं, गजांमधलं अंतर किती, खिडकी जमिनीपासून किती उंच, हेही मोजून लिहा. तिथे राहणाऱ्याला बाहेरचं किती दिसत होतं, ते या मापांतूनच कळतं.

स्वातंत्र्यानंतरच्या बांधकामांसाठी बांधकाम विभागाच्या इमारत नोंदवहीचा उतारा माहितीच्या अधिकारात मागा. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत 30 दिवस, प्रतीसाठी पानाला 2 रुपये. "रुग्णालयाची सर्व माहिती द्या" असं लिहिलंत तर अर्ज अडकतो. नकाशातला क्रमांक आणि इमारतीचं आजचं नाव लिहून बांधकामाचं साल आणि खर्च एवढंच विचारा.

आत जायला वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या. ही चालू रुग्णालयं आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय आहे आणि संमतीशिवाय त्याचं छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही, तेव्हा फोटो रिकाम्या व्हरांड्यांचे काढा आणि मागे कुणी आलं असेल तर तो फोटो जागीच पुसून टाका. जुन्या नोंदवहीत रुग्णांची नावं दिसली तरी उतरवू नका. वय, गाव, दाखल झाल्याचं साल एवढं पुरतं, आणि गाव लहान असेल तर जिल्हाच लिहा.

लिहिताना तारीख नेमकी नसेल तर दोन टोकं द्या: "1886 नंतर, 1912 च्या आधी". प्रत्येक टोकापुढे पुरावा कुठला, ठसा की फाइल की नकाशा, ते त्याच ओळीत नोंदवा, म्हणजे उद्या नवा कागद सापडला की नेमकी तेवढीच ओळ दुरुस्त करता येईल.