पीपीआर संपवायचाय? मग लस कशी टोचायची, आणि थांबायचं कधी

पीपीआर (पेस्ट दे पेटी रुमिनां) हा शेळ्यामेंढ्यांचा विषाणूमुळे होणारा साथीचा रोग. तो एकदा कळपात बघितला की लक्षणं वेगळी सांगावी लागत नाहीत. ताप, डोळ्यानाकातून घाण, तोंडात फोड, मग हगवण आणि ठसका, आणि बघता बघता वाडा रिकामा. पण हा रोग मुळापासून जाऊ शकतो. गाईगुरांची बुळकांडी याच घराण्यातली आणि ती २०११ मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. पीपीआरसाठी २०३० चं टार्गेट धरलंय. विषाणूचा सिरोटाइप, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने प्रकार, एकच आहे, चांगली लस एकदा नीट लागली की किमान तीन वर्षं संरक्षण मिळतं, आणि बरं झालेलं जनावर विषाणू बाळगून फिरत नाही. म्हणजे विषाणूला सतत नवं, लस न लागलेलं जनावर लागतं. ते मिळू द्यायचं नाही, एवढंच काम आहे.

सगळ्यात आधी जनावरं मोजा. कागदावरचा आकडा नको, कळप कुठे चरायला जातो, कुठल्या बाजारात विकला जातो, कोण कुठल्या महिन्यात स्थलांतर करतं हे मेंढपाळांनाच विचारा, कारण रोग त्याच वाटेने फिरतो. मग त्या सगळ्या पट्ट्यात एकाच वेळी, थोड्या दिवसांत लस उरका. आज या गावात आणि तीन महिन्यांनी पलीकडच्या गावात, असं केलं तर विषाणू आरामात मागून पुढे सरकत राहतो. कळप बाहेर पडायच्या आधीचा काळ धरा.

ढोबळ हिशोब असा सांगतात की कळपात ७० टक्क्यांच्या आसपास जनावरांना प्रतिकारशक्ती आली पाहिजे. लक्ष द्या, टोचलेली नाही, प्रतिकारशक्ती आलेली. काही लस वाया जाते, काही जनावरं सुटतात, त्यामुळे ७० टोचून ७० मिळत नाहीत, जेवढी हाताला लागतील तेवढी सगळी टोचा. तीन-चार महिन्यांच्या आतली करडं-कोकरं मात्र सोडा, आईच्या चिकातून आलेल्या अँटिबॉडीज लस निकामी करतात. त्यांची यादी ठेवा आणि पुढच्या फेरीत घ्या. गाभण जनावराला लस चालते, पण धरताना धसमुसळेपणा केला तर गाभडण्याची भीती, तेव्हा हळू.

आता कोल्ड चेन, म्हणजे लस टोचेपर्यंत थंड ठेवणं, इथेच सगळ्यात जास्त माती होते. साधी, उष्णतेत न टिकणारी लस असेल तर कुपी २ ते ८ डिग्रीत, पातळ करायचं द्रावणही थंड, आणि एकदा मिसळली की आईस बॉक्समध्ये ठेवून दोन तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची, उद्यासाठी ठेवायची नाही. ऊन लागू देऊ नका, सिरिंजला स्पिरिट किंवा जंतुनाशक लावू नका, लसच मरते. डोस १ मिली, कातडीखाली. टोचलं की कानाला बिल्ला किंवा खूण कराच, कारण नंतर रक्त तपासलं तर अँटिबॉडी लसीची की रोगाची हे टेस्टमधून कळत नाही, खूण पाहूनच ठरवावं लागतं.

बुळकांडी संपवायच्या वेळी उष्णतेत टिकणारी लस आली आणि इथिओपियाच्या अफार भागात गुरं पाळणाऱ्यांनाच ट्रेनिंग देऊन टोचायला लावलं. जिथे गाडी पोचत नव्हती तिथे हे लोक चालत गेले. मला तरी कुठल्याही मशीनपेक्षा हीच युक्ती भारी वाटते.

आणि आता लोकांना न पटणारा भाग. लस कायम टोचत राहायची नाही. दोन वर्षं लागोपाठ मोठी फेरी, मग एक-दोन वर्षं फक्त नव्या पिल्लांना, आणि मग थांबायचं. नुसतं थांबायचं नाही, थांबून रोग कुठे उरलाय का ते शोधायचं. आफ्रिकेत १९६२ ते १९७६ मध्ये जेपी १५ नावाची मोठी मोहीम झाली, बुळकांडी जवळजवळ गेली, थोड्या कोपऱ्यांत धुगधुगी राहिली, लोक सैल पडले आणि १९८० च्या दशकात ती परत सगळीकडे पसरली. उलटं म्हणजे अर्धवट लस वर्षानुवर्षं टोचत राहिलं की रोग मरत नाही आणि दिसतही नाही, आत लपून राहतो.

शोधताना मेलेल्या किंवा आठवडाभर आजारी जनावराच्या मागे लागू नका, नुकताच ताप चढलेल्या दोन-चार जनावरांच्या डोळ्यानाकाचे स्वॅब घेऊन बर्फात लगेच लॅबला पाठवा. पॉझिटिव्ह आलं तर त्या कळपाची ये-जा, खरेदी-विक्री बंद, आजूबाजूच्या निरोगी कळपांना बाहेरून आत येत लस, आजारी कळपात शेवटी, आणि सुई दर कळपाला बदलून. त्या कळपात नवीन जनावर कुठून आलं होतं ते विचारा, आणि त्या गावातही त्याच आठवड्यात जा.