इंग्लंडमधल्या फ्लॅटची लीज वाढवताना या चुका टाळा

इंग्लंड आणि वेल्समध्ये लीजवर घेतलेल्या फ्लॅटला 1993 च्या कायद्याने उरलेल्या मुदतीवर आणखी 90 वर्षं मिळतात आणि ग्राउंड रेंट (जमीन-इमारतीच्या मूळ मालकाला, म्हणजे फ्रीहोल्डरला, द्यायचं जमिनीचं भाडं) जवळपास शून्यावर येतो. हक्क पक्का आहे, पण तो तारखांवर चालतो. पैसे बुडतात तेही बहुधा तारखांपायीच.

पहिली चूक मुदत मोजण्यातली. समजा, लीज 125 वर्षांची आहे, सही 1986 ची, पण आत ‘24 जून 1984 पासून’ असं लिहिलंय. मुदत 1984 पासूनच मोजायची, म्हणजे ती 2109 मध्ये संपते. 80 वर्षं उरण्याची रेषा जून 2029 मध्येच येते, 2031 मध्ये नाही. लीज वाढवून मागणारी नोटीस फ्रीहोल्डरला द्याल त्या दिवशी 80 वर्षांपेक्षा जास्त मुदत उरली असेल तर ‘मॅरेज व्हॅल्यू’ नावाची जादा रक्कम द्यावी लागत नाही. त्याखाली गेलात की लीज वाढल्याने फ्लॅटची जी किंमत वाढते, तिचा निम्मा वाटा फ्रीहोल्डरला जातो. म्हणून लँड रजिस्ट्रीतून (मालमत्तांच्या सरकारी नोंदणी कार्यालयातून) लीजची प्रत काढा आणि सुरुवातीची तारीख स्वतः वाचा.

‘दोन वर्षं मालकी झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही’ हा सल्ला जुना झाला. ती अट 31 जानेवारी 2025 पासून गेली. 2024 च्या कायद्यात 990 वर्षांची वाढ आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची तरतूद आहे, पण त्या लागू व्हायला सरकारचा वेगळा आदेश लागतो. 81-82 वर्षं उरलेली असताना त्या भरवशावर थांबणं आम्हाला धोक्याचं वाटतं. आज काय लागू आहे ते सॉलिसिटरकडून (वकिलाकडून) तपासूनच ठरवा.

कायद्याची नोटीस टाळून फ्रीहोल्डरने दिलेल्या तोंडी ‘आपसात करू’ प्रस्तावात जुन्या लीजच्या उरलेल्या वर्षांसाठी ग्राउंड रेंट चालू राहू शकतो आणि कर्ज देणाऱ्या बँकेची संमतीही वेगळी घ्यावी लागते. आकडा कमी दिसला तरी सर्व्हेअरकडून (मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाकडून) दोन्ही मार्गांचा हिशेब करून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ 1993 च्या कायद्याच्या कलम 42 च्या, म्हणजे लीज वाढवून मागणाऱ्या, नोटिशीत होतो. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांची नावं हवीत. लीजमधली गॅरेज किंवा स्टोअररूम विसरू नका. फ्रीहोल्डर आणि तुमच्यामध्ये आणखी एखादा लीजधारक असेल तर नोटीस नेमकी कोणाला द्यायची ते रजिस्टर पाहून ठरवा. प्रीमियमचा (लीज वाढवण्यासाठी देऊ केलेल्या रकमेचा) आकडा हास्यास्पद कमी लिहिला तर नोटीसच अवैध ठरू शकते. पुण्याला परतलेल्या मालकांनी सॉलिसिटर नेमून त्याचा इंग्लंड-वेल्समधला पत्ता नोटिशीत द्यावा. या प्रीमियमच्या 10 टक्के किंवा 250 पौंड, यातली मोठी रक्कम डिपॉझिट म्हणून मागितली जाऊ शकते, ती तयार ठेवा. फ्रीहोल्डरचा वाजवी कायदेशीर आणि मूल्यांकनाचा खर्चही 1993 च्या नियमांनी तुमच्याच माथी येतो.

नोटीस दिली की लँड रजिस्ट्रीत तिची नोंद करा, म्हणजे मध्येच फ्रीहोल्ड विकला गेला तरी दावा टिकतो.

काउंटर-नोटिशीसाठी, म्हणजे तुमच्या नोटिशीला उत्तर देण्यासाठी, फ्रीहोल्डरला किमान दोन महिने द्यावे लागतात. ती आली आणि रकमेवर एकमत झालं नाही, तर ती दिल्यापासून दोन महिन्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज जायलाच हवा. ‘बोलणी चालू आहेत’ म्हणून हे राहून जातं, नोटीस मागे घेतल्यासारखी धरली जाते आणि 12 महिने नवी देता येत नाही. अर्ज करूनही बोलणी चालू ठेवता येतात. काउंटर-नोटीस आलीच नाही, तर तिची मुदत संपल्यापासून सहा महिन्यांत काउंटी कोर्टात जा. नोटीस वैध असेल तर तुमच्या अटींवर लीज मिळू शकते. फ्रीहोल्डर सापडतच नसेल, तर त्यासाठीही काउंटी कोर्टातच अर्ज करता येतो.

मध्येच फ्लॅट विकताय? नोटिशीचा लाभ लीजसोबत त्याच वेळी खरेदीदाराच्या नावे करा, नाहीतर दावा संपतो.

शेवटी, नवी लीज सही होताच तिची लँड रजिस्ट्रीत नोंद करायला सांगा आणि नव्या नोंदीवर मुदत बरोबर आली आहे ना, ते वाचून पाहा.