आधी आय लेव्हल, मग सोफा

इंटिरियर डिझाइनच्या प्रिन्सिपल्सच्या, म्हणजे बॅलन्स (तोल), रिदम (लय), एम्फसिस (नजर खेचणारा मुख्य भाग), युनिटी (एकसंधता) यांच्या व्याख्या पहिल्या सत्रातच पाठ होतात, त्या पुन्हा सांगत नाही. गाडी अडते ती खोलीच्या स्केचपाशी. सोफा तरंगतो, टेबल छातीएवढं होतं, आणि 'आपला हातच वाईट' असं वाटून रडू येतं. हाताला बोल लावू नका. बहुतेक वेळा उंची चुकलेली असते.

वन-पॉइंट पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे आत जाणाऱ्या सगळ्या रेषा एकाच बिंदूला मिळतात त्या चित्राची, मांडणी एकदा मापाने करून बघाच. खोली ४ मीटर रुंद, ४ मीटर खोल, २.८ मीटर उंच धरा. ए-थ्री कागद आडवा घेऊन मधोमध मागची भिंत १:५० स्केलने काढा: ८० मिमी बाय ५६ मिमी. जमिनीपासून ३० मिमीवर, म्हणजे खऱ्या १५०० मिमीवर, आय लेव्हलची, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीची रेषा पूर्ण कागदभर ओढा. व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे आत जाणाऱ्या रेषा मिळतात तो बिंदू, या रेषेवर, मध्यापासून १० मिमी डावीकडे ठेवा. अगदी मधोमध घेतला की चित्र ताठर दिसतं. तिथून चारही कोपऱ्यांतून रेषा बाहेर काढल्या की भिंती, जमीन, छत तयार.

आता खोली किती पुढे येते ते. मागच्या भिंतीची तळरेषा उजवीकडे वाढवा आणि उजव्या कोपऱ्यापासून दर २० मिमीवर खूण करा, एकूण चार. आय लेव्हलवरच, व्हॅनिशिंग पॉइंटच्या उजवीकडे १४० मिमीवर डिस्टन्स पॉइंट (खोलीचं अंतर मोजायचा मदतीचा बिंदू) घ्या. तिथून प्रत्येक खुणेतून रेषा खाली आणा. ती उजव्या भिंतीच्या तळाला जिथे छेदेल तिथे एकेक मीटर पूर्ण होतो. हा बिंदू आळसाने जवळ घेतला की पुढच्या फरशा ताणल्यासारख्या लांबट होतात. पडताळा सोपा आहे: डावीकडून उजवीकडे मागे जाणारे चौरस फरशांचे कर्ण डिस्टन्स पॉइंटलाच मिळाले पाहिजेत.

खरा सापळा यानंतर येतो. जमिनीची ग्रिड (फरशांची जाळी) बिनचूक असते आणि खुर्चीची उंची मात्र अंदाजाने टाकली जाते, किंवा त्याहून वाईट, पट्टीने १:५० मध्ये मोजून. ते माप फक्त मागच्या भिंतीवर खरं असतं. पुढे येणारी वस्तू मोठी होत जाते, पट्टी मात्र तीच राहते.

म्हणून हे डोक्यात पक्कं करा: आय लेव्हल १५०० मिमी असेल, तर जमिनीवरच्या कुठल्याही बिंदूपासून त्या रेषेपर्यंतचं उभं अंतर म्हणजे १५०० मिमी. मागे, पुढे, कोपऱ्यात, कुठेही. ७५० मिमीचं डायनिंग टेबल त्या अंतराच्या बरोबर निम्म्यावर संपतं. ९०० मिमीचा किचन ओटा पाचापैकी तीन भागांवर, आणि ४५० मिमीची बैठक एक-तृतीयांशाच्या जराशी खाली. २१०० मिमीचा दरवाजा रेषेच्या वर ६०० मिमी जातो, म्हणजे खालच्या अंतराच्या आणखी दोन-पंचमांश. वस्तूचा पाया जमिनीवर टेकवा, तिथून रेषेपर्यंत फिकट उभी रेघ मारा आणि तिचे भाग पाडा. सोफा चुकूच शकत नाही. वस्तू १५० मिमीच्या चौथऱ्यावर असेल, तर तिच्या पायापासूनचं अंतर १३५० मिमी धरायचं; इथे हुशार मुलंही घसरतात. सुरुवातीला हे किचकट वाटेल. वाटू द्या. ५-६ खोल्या काढल्या की डोळा स्वतःच भाग पाडायला लागतो.

इंटरनेटवरचे फोटो ट्रेस करून शिकण्याचा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. खोल्यांचे फोटो बऱ्याचदा वाइड लेन्सने घेतलेले असतात, कडेचं फर्निचर ताणलेलं असतं, आणि तीच ताणलेली मापं हातात बसतात. थ्रीडी सॉफ्टवेअर जरूर शिका, पण कॅमेऱ्याची उंची का बदलायची हे कळल्यावर. आणि तुमच्या शीटवर स्वतःच सुंदर रेघा ओढून देणाऱ्या सरांपेक्षा 'आय लेव्हल किती घेतलीस?' एवढंच विचारणारे सर धरून ठेवा.

रेघांचं थोडक्यात: बांधणी एच पेन्सिलने, अगदी हलकी. वर ट्रेसिंग पेपर टाकून वस्तूची बाहेरची कड ०.५ पेनने, आतल्या कडा ०.३ ने, पोत ०.१ ने. सगळं एकाच जाडीत काढलं की खोली सपाट होते.

प्रिन्सिपल्सची परीक्षा रंगांत घेऊ नका. ५० बाय ७० मिमीचे छोटे चौकोन आखा, त्यात खोली फक्त तीन टोनमध्ये (गडद-फिकट छटांमध्ये) भरा: कोरा कागद, मध्यम राखाडी, गडद. डोळे बारीक करून बघा. दोन सारखेच गडद ठिपके भांडत असतील, तर एम्फसिस कुठेच नाही. एकाला मध्यम करा. ६०० मिमी खोल गडद वॉर्डरोबमुळे चित्र एका बाजूला झुकत असेल, तर समोर दुसरं वॉर्डरोब लागत नाही, उंच दिवा किंवा गडद पडदाही पुरतो. तीन-चार चौकोन वाया जातील, तेवढे जाऊ द्या. त्यातला एक ठीक वाटला की तोच ग्रिडवर घ्या आणि फर्निचरमध्ये ये-जा करायला ९०० मिमी उरतात का, हे प्लॅनवर मोजा. १:५० मध्ये ते १८ मिमी होतात.