छत्री, बॅटरी आणि एक हरवलेला भाग : मुलांना वस्तू कशा समजावाव्यात

मे महिना सरत आला की कोकणातल्या घरांत माळ्यावरची छत्री आणि टॉर्च, म्हणजे आपली बॅटरी, खाली येते. खाऱ्या, दमट हवेनं तोवर दोन्हींना गंज धरलेला असतो. मुलांना सुट्टी असते. एखादा भाग बिघडला किंवा नसला तर वस्तूचं काय होतं, हे शिकवायला मिरगाआधीचे हे दिवस फार चांगले. सात-आठ वर्षांच्या मुलांपासून पुढे सगळ्यांना जमतं.

ओटीवर जुनी चादर पसरा, म्हणजे स्क्रू घरंगळून जाणार नाहीत. काढलेले भाग काढले त्याच क्रमानं मांडायचे. आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मुलाला विचारायचं, "हा नसला तर काय होईल?" उत्तर वहीत लिहू द्या. चुकलं तरी तुम्ही सुधारू नका, ते काम वस्तू करते.

सुरुवात दोन सेलच्या बॅटरीनं करा. एक सेल उलटा घाला. दीड-दीड व्होल्ट मिळून तीन व्हायचे, ते एकमेकांना मारतात आणि दिवा लागत नाही. मग सेल सरळ करून झाकणातली स्प्रिंग आणि सेल यांच्यामध्ये कागदाचा तुकडा ठेवा. सगळे भाग जागेवर आहेत, तरी अंधार! इथे घाई करू नका. माझी भाची या पायरीवर "सेल संपले" म्हणून अडून बसली होती. कागद काढल्यावर दिवा लागला, तेव्हा तिनं स्वतःच गंजलेल्या स्प्रिंगवर बोट ठेवून विचारलं, "हा गंज पण कागदासारखाच का?" हो, तसाच. गंजातून वीज नीट जात नाही. काचपेपरनं स्प्रिंग चकचकीत करायचं काम मुलालाच द्या.

नसलेला भाग आणि बिघडलेला भाग यांतला फरक मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्प्रिंग नसली तर झाकण उघडताच कळतं. गंजलेली स्प्रिंग मात्र जागेवर बसलेली असते, म्हणून आपण दोष सेलला देतो आणि नवे सेल आणून पैसे घालवतो.

आता छत्री. काड्या मोजायला सांगा. मग एका काडीच्या टोकाला कापड धरून ठेवणारा दोऱ्याचा टाका उसवा आणि छत्री उघडा. तेवढ्या एका जागी कापड सैल पडतं, काडी उघडी पडते. समुद्रावरचा वारा अशा सैल कापडाखाली शिरला की छत्री उलटी होते. दोन बोटं लांबीचा दोरा सुटला, तर बाकीच्या सगळ्या धड काड्यांचाही उपयोग राहत नाही. नंतर दांड्यावरचा खटका दाबून दाखवा. तो गंजून आत रुतला तर छत्री उघडते, पण उघडी राहत नाही.

सायकल उलटी उभी करून चेन उतरवली की पॅडल नुसतं फिरतं, मागचं चाक ढिम्म हलत नाही. चेन मोठ्यांनीच उतरवावी, बोटं अडकतात. कुकर थंड आणि रिकामा असतानाच दाखवा. रिंग काढून झाकण लावलं की ते खुळखुळतं. चुलीवर असतं, तर कडेनं वाफ निसटली असती. वाफ कोंडल्यावर आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, रिंग नसेल तर ते १०० च्या पुढे सरकत नाही आणि डाळ शिजायला वेळ लागतो.

विजेच्या प्लगवर चालणारी कुठलीही वस्तू या खेळात घेऊ नका. स्प्रिंग काढताना चेहरा लांब ठेवायचा. बटणाएवढे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं. ब्रेकचं रबर काढून सायकल चालवून बघणं तर नाहीच नाही.

शेवटी प्रत्येक भाग मुलानंच परत बसवायचा. याला वेळ लागतो, तरी तुम्ही हात घालू नका. छत्रीचा टाका त्यालाच घालू द्या, वाकडा आला तरी चालेल. मग त्याला छत्री घेऊन अंगणात उभं करा, वरून कळशीभर पाणी ओता आणि कुठून गळतंय ते त्यालाच शोधू द्या.